एका नांगीचे खेकडे

केडगावच्या त्या चाळीत आखाडाचं जेवण म्हणजे बायकांचा हक्काचा दिवस. श्रावण लागला की निम्म्या घरांत महिनाभर मटण-मासळी बंद, म्हणून त्याच्या आधीच्या रविवारी सगळ्या मिळून अंगणात चुली मांडायच्या, पोटभर खायच्या आणि पुरुषांना उरलंसुरलं वाढायच्या. जयमालाचं घर बौद्धांचं, तिथं श्रावण पाळत नसत. पण जेवणाला कोण नाही म्हणतो? ती दरवर्षी पाट्यावर बसायची आणि मसाला वाटता वाटता सगळ्यांपेक्षा जास्त बोलायची.

चौऱ्याण्णव साली छबूबाईनं खेकड्यांचं काढलं. छबूबाई चाळीत सगळ्यात थोरली, वयानंही आणि आवाजानंही. "कोंबड्या खाऊन खाऊन आता आरवायची पाळी आली," ती म्हणाली. "औंदा खेकडं करू." बेत सगळ्यांना पटला, अडलं ते खेकड्यांपाशी. नगरच्या बाजारात मिळायचे, पण टोपलीतले निम्मे मेलेले, आणि मेलेला खेकडा कोणी खात नाही. जिवंत असायचे तेही पोकळ. मागं एकीच्या नवऱ्यानं मोठ्या हौसेनं आणले होते, तर फोडल्यावर आत नुसतं पाणी.

"माझ्याकडं खात्रीचं ठिकाण हाय. मी आणते," जयमाला म्हणाली.

ठिकाण खात्रीचं होतं यात शंकाच नव्हती. मिरजगावच्या पुढं सीना नदीच्या काठाला कचरूनानासारखा खेकडे धरणारा दुसरा माणूस नव्हता. अडचण एवढीच होती की कचरूनाना तिचा बाप होता आणि सात वर्षांत त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. कचरूनानानं आपल्या बहिणीला, बनुबाईला, शब्द दिला होता की जयमाला तुझ्या घरी देईन. आत्याच्या घरी भाची जायची, यात नवल काहीच नव्हतं. पण जयमाला नगरला शिवण शिकायला गेली आणि तिथं तिला महेंद्र भेटला. एमआयडीसीत टेम्पो चालवायचा. मुलगा आपल्यातलाच, कष्टाळू, दारूला न शिवणारा. कचरूनानाला त्यात खोड काढता आली नाही. त्याला लागला तो मोडलेला शब्द. बनुबाईनं त्या दिवसापासून भावाच्या घरचं पाणी सोडलं आणि कचरूनानानं पोरीचं नाव. मधे आई, कलाबाई, वारली, तर जयमालाला निरोप आला तो सगळं उरकल्यावर.

या सात वर्षांत ती एकदाही गेली नाही. काय तोंड घेऊन जाणार? आता मात्र खेकड्यांचं निमित्त हाताशी आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती बोलून गेली ती चुकून नव्हे. तिला बापाला बघायचं होतं.

कचरूनानाच्या खेकड्यांची एक खूण होती. खेकड्याची एक नांगी मोठी असते, एक लहान. कचरूनाना खेकडा बिळातून काढला की तिथंच त्याची मोठी नांगी मोडून बाजूला ठेवायचा आणि मग खेकडा मडक्यात टाकायचा. जयमाला लहानपणी चुलीच्या आरात, फुललेल्या निखाऱ्यांत, भाजलेल्या नांगीसाठी जीव टाकायची, तेव्हापासूनचा हा रिवाज. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "नाना, पैशे दोन हाताचे, आन्‌ खेकडा एका हाताचा?" त्यावर तो म्हणायचा, "दुसरा माझ्या पोरीचा. पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या." खेकडा इतका भरलेला असायचा की कोणी ऱ्हाऊ देत नसे. त्यामुळं जयमाला खेकड्यांशी खेळतच वाढली. लहान नांगीनं चिमटा काढला तर गुदगुल्या व्हायच्या. "आमच्याकडचं खेकडं चावत न्हाईत," ही तिची चाळीतली जुनी फुशारकी.

आखाडातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात खेकडे भरलेले असतात. जेवणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तिनं सकाळीच माळीवाड्याच्या स्टँडवरून सोलापूरकडची एसटी धरली. मिरजगावला उतरून पायवाटेनं नदीवर आली. कचरूनाना पाण्याच्या कडेला उकिडवा बसला होता. शेजारी मिरजगावचा खाणावळवाला पुंजाराम मडकं पोत्यात बांधत होता.

"नाना, नांग्या अजून मोडताच का?" पुंजाराम विचारत होता. "खातं कोन आता?"

"मी खातो."

"तुमच्या तोंडात दात किती ऱ्हायले?"

तेवढ्यात मागं पाय वाजले.

"जयभीम, आबा," जयमाला म्हणाली.

त्याचा हात थांबला. जयभीमला जयभीम न म्हणणं त्याला या जन्मी जमलं नसतं. "जयभीम," तो पाण्याकडं बघतच म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कोन गाव?"

पुंजारामच्या हातातलं सुतळीचं टोक तसंच राहिलं. "आवं नाना, जयमाला हाय! वळखलं न्हाई व्हय?"

"गिऱ्हाईक हाय," कचरूनाना म्हणाला.

पूर्वीची जयमाला असती तर तिथंच भांडली असती. आताच्या जयमालानं गिऱ्हाइकासारखं गाव सांगितलं. "केडगाव," ती म्हणाली. "चाळीतल्या बायकांचं जेवन हाय उद्या. खेकडं पायजेत."

"बसा. धरावं लागत्याल."

त्याच्या शेजारी आणखी एक मडकं होतं, तोंडापर्यंत भरलेलं. आतली खरखर तिला ऐकू येत होती. "ह्यातलंच द्या की," ती म्हणाली.

"ते न्हाई द्यायचं."

पुंजाराम आपलं मडकं घेऊन निघून गेला. जयमाला बाभळीखाली बसली. तयार माल असून हा आपल्याला ताटकळत ठेवतो आहे, एवढं न कळण्याइतकी ती दूधखुळी नव्हती. कचरूनानानं काठीच्या टोकाला कोंबडीची आतडी बांधली, रिकामं मडकं उचललं आणि काठच्या निरगुडीआड बिळं होती तिकडं गेला. काठी बिळात सोडायची, खेकड्यानं आतडी धरली की हळूच ओढायची. तिला फक्त त्याची पाठ दिसत होती. पाठ वाळली होती. सदऱ्याची शिवण खांद्यावर उसवलेली होती आणि ती त्यानं स्वतःच, जाड दोऱ्यानं, कशीतरी टाचली होती. शिवणकामावर घर चालवणाऱ्या जयमालाला ती शिवण बघवेना.

दुपार कलली. तिला एवढंच हवं होतं की त्यानं मागं वळावं आणि पूर्वीसारखं खेकसावं, कुठं मेली हुतीस इतकी वर्सं! दोन शिव्या घालाव्यात. मारलं असतं तरी चाललं असतं. पण त्या 'बसा'नं आणि त्या 'कोन गाव'नं तिच्या जिवाचं पाणी केलं.

"माझी अश्विनी पयलीत गेली," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "तिनं अजून खेकडा खाल्ला न्हाई."

काठी थोडा वेळ हलली नाही. "तिकडं पाय ठिवू नका," तो म्हणाला, "शेवाळ हाय."

उन्हं उतरता उतरता तो मडकं घेऊन आला. तोंडाला ओला गोणपाट घट्ट आवळलेला. "रस्त्यानं पानी मारत जावा. उघडताना दमानं उघडा. आन्‌ मडकं माघारी पायजे."

"तुमचं मडकं ठिवून मी काय करू?" ती तटकन म्हणाली. तिनं पैसे पुढं केले, ते त्यानं कोणाचेही घ्यावेत तसे घेतले आणि टोपीत खोचले. ती वळली तेव्हाही तो नदीकडंच बघत होता.

एसटीत ती मडकं मांडीवर घेऊन बसली आणि नगर येईपर्यंत पदर डोळ्याला लावून रडली. बाप मेला असता तर एकदाच रडून मोकळी झाली असती. इथं बाप धडधाकट होता, हाताच्या अंतरावर होता, आणि गिऱ्हाईक हाय म्हणत होता. त्या काठाला पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. मडकं काय, महेंद्र टेम्पोतून जाताना पुंजारामच्या खाणावळीत टाकून येईल.

रविवारी चाळीच्या अंगणात चुली पेटल्या. खोबरं भाजल्याचा वास सुटला. जयमालानं मडकं मधोमध आणून ठेवलं तशा बायका पदर सावरत मागं सरल्या.

"सांडशी आणू का गं?" छबूबाईनं विचारलं.

"सांडशी कशाला? आमच्याकडचं खेकडं चावत न्हाईत." काल एवढं रडूनही फुशारकी तेवढी शाबूत होती. तिनं गोणपाट सोडला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

मग जी किंकाळी उठली ती पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली. हात वर आला तो बोटाला लोंबणारा काळाकुट्ट खेकडा घेऊन. अंगठ्याएवढी जाड नांगी, आणि ती काही केल्या सुटेना. छबूबाईनं सांडशीनं नांगी उचकटली तेव्हा बोटातून रक्ताची धार लागली.

"चावत न्हाईत म्हनं!" बायका हसून हसून लोळायच्या बेतात.

जयमाला हसत नव्हती. तिनं दुसऱ्या हातानं मडकं परातीत उलटं केलं. खेकडे चहूकडं पांगले. एकाचीही मोठी नांगी मोडलेली नव्हती. सगळे दोन्ही हातांचे.

ती मटकन खाली बसली. भरलेलं मडकं त्यानं का दिलं नाही, हे तिला आता कळलं. त्यातले सगळे गिऱ्हाइकांचे होते, एका नांगीचे. तिच्यासाठी म्हाताऱ्यानं अख्खी दुपार चिखलात उभं राहून नवे धरले होते आणि एकाचीही नांगी मोडली नव्हती. पोरीचा वाटा पोरीला दिला होता. तोंडानं म्हणायला त्याला जमलं नव्हतं, एवढंच.

"लई दुखतंय का?" छबूबाई घाबरून जवळ आली. जयमाला हुंदके देत होती, नाक पुसत होती, आणि मधेच हसतही होती. छबूबाईनं बोटावर हळद दाबली आणि बाकीच्यांना गप्प केलं.

रश्शासाठी बारीक पाय पाट्यावर वाटायला घेतले, तेव्हा जयमालानं मोठ्या नांग्यांना कोणाला हात लावू दिला नाही. तिनं त्या चुलीच्या आरात सारल्या, लाल झाल्यावर वरवंट्यानं फोडल्या आणि पहिल्या नांगीतला पांढरा गर अश्विनीच्या तोंडात घातला. पोरीनं डोळे मिटून खाल्लं आणि पुन्हा आ केला.

जेवणं झाली. छबूबाई बोटं चाटत म्हणाली, "ठिकान खरंच खात्रीचं हाय बाई. फुडच्या आखाडाला बी तूच आन."

जयमाला नळाखाली मडकं घासत होती. चिंधी बांधलेलं बोट तिनं पाण्यापासून लांब धरलं होतं.

"फुडच्या आखाडाला कशाला?" ती म्हणाली. "मडकं माघारी मागितलंय आबांनी. उद्याच जाते, अश्विनीला घेऊन. सुईदोरा बी घ्यायचाय संगं."