मशीन चालू असताना

हॉलंडमधल्या आमच्या रायस्वाइक गावात समताला तोंडावर ‘मॅडम’ म्हणतात आणि ती सायकलवरून कोपऱ्याला वळली की ‘चीनवाली’. बाकी सगळ्यांची मुलं, सुना, जावई कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. काय करतात ते त्यांनाही धड सांगता येत नाही, पण कुणी विचारतही नाही. समता मात्र विद्यापीठात चिनी संगीतनाटकांचा इतिहास शिकवते, आणि हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, “बरं, पण नोकरी कुठे?”

मूळची नागपूरची. वडील पोस्टात होते. तिला चिनी भाषा शिकायला घातलं ते त्यांनीच. आपल्याकडे हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनी भाषांतरांत टिकून आहेत, ते आपल्या पोरीनं वाचावेत, एवढी त्यांची इच्छा. पोरगी चीनला गेली, तिथे मैत्रिणीनं तिला नाटकाला नेलं, आणि ग्रंथ राहिले बाजूला. आजही जयंतीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, कुणीतरी विचारतंच, “ताई, ग्रंथ कुठवर आले?” ती म्हणते, “वाचतेय.” लग्नाचं म्हणाल तर ते झालं नाही. त्याची जी कारणं गावात फिरतात, त्यातली निम्मी माझ्या बायकोच्या, कमलच्या स्वयंपाकघरात तयार झालीत.

अलीकडे मात्र ती फार दमलेली दिसायची. हंगामी नोकरी. ती संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आपला विषय जगाला का हवा ते पुन्हा पहिल्यापासून पटवून द्यायचं. विशीतल्या माणसानं करायच्या गोष्टी पन्नाशीतही करायच्या म्हटल्यावर चेहऱ्यावर दिसणारच.

रविवारी दुपारी ती ट्रामनं हेगला जायची. तिथे एका चिनी किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर म्हातारी मंडळी जमून जुन्या नाटकांतली पदं गातात. त्यांच्यातल्या मुख्य गायिका चेनबाई. वय ऐंशीच्या घरात, जन्मभर शिवणकाम केलेलं. नवरा सारंगीसारखं दोन तारांचं वाद्य वाजवतो. समता कोपऱ्यात रेकॉर्डिंगचं मशीन लावून श्वास रोखून बसायची.

मग विद्यापीठात काटकसर सुरू झाली. ज्या विषयांना मुलं येत नाहीत ते बंद करायचे. समताचा विषय ठेवायचा की नाही, हे ठरवायला कमिटी नेमली. विषय गेला की नोकरीही गेली. समतानं ठरवलं, यांना ऐकवायचंच. हॉल घेतला, चेनबाईंना बोलावलं, आणि खुर्च्या भरायला आम्हाला.

“काका, या नक्की. पण एक सांगते, रागावू नका. मध्ये बोलायचं नाही, वाहवा नाही, मांडीवर ताल नाही. गाणं संपलं की टाळ्या.”

“आणि खोकला आला तर?”

“काका, प्लीज.”

“मी ह्यांच्या तोंडात वेलची ठेवते,” कमल म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी चेनबाई उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीला मला वाटलं, बाईंना कुठेतरी दुखतंय. तिसऱ्या ओळीला माझ्याच छातीत काहीतरी हललं. एक ओळ त्या लांबवत नेत, वळणं देत, अलगद खाली ठेवत, आणि मग क्षणभर थांबून आमच्याकडे बघत. हॉल चिडीचूप. डच मंडळी चर्चमध्ये बसावं तशी बसलेली, आमची मंडळी सांगितलं म्हणून बसलेली. पुन्हा ओळ, पुन्हा थांबणं, पुन्हा ते बघणं. माझा ‘वा’ दातांपर्यंत आला, तेवढ्यात कमलनं चिमटा काढला. दर वेळी बाईंचा आवाज थोडा उतरत गेला. शेवटी त्या नवऱ्याकडे झुकून काहीतरी म्हणाल्या आणि पद मध्येच आवरलं. आम्ही ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

कमिटीच्या अध्यक्षीणबाई समताचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “हेल इंटरेसांत!” म्हणजे फारच रंजक. मी या देशात म्हातारा झालो. डच माणूस रंजक म्हणाला की आपण आपला कोट शोधायला लागावं.

पुढच्या महिन्यात कळलं, विषय बंद. उन्हाळ्यापर्यंत नोकरी.

ती आमच्याकडे आली, कोट न काढताच बसली. कमलनं चहा ठेवला.

“त्या बाई अर्धंच का गायल्या गं? घाबरल्या का?”

“घाबरतील कशाला? त्या थांबतात ना काकू, तिथे ऐकणाऱ्यानं ओरडायचं असतं. ‘हाओ!’ म्हणजे छान. तसं कुणी ओरडलं की गाणारा पुढची ओळ चढवतो. नाही ओरडलं तर समजतो, आवडलं नाही. मी यावर अख्खा तास शिकवते.”

“मग आम्हाला गप्प का बसवलंस?”

चहावर साय धरली.

“कमिटी बसली होती, काकू. आपली माणसं गोंधळ घालतात असं दिसायला नको, एवढंच डोक्यात होतं.”

आम्ही ओरडलो असतो तर विषय वाचला असता, असं मी म्हणत नाही. असले निर्णय आधीच झालेले असतात. पण मला राहवेना.

“बरं, आम्ही अडाणी. तू तरी रविवारी ओरडतेस ना?”

“मशीन चालू असतं, काका. माझा आवाज आला तर रेकॉर्डिंग खराब.”

“म्हणजे कधीच नाही?”

तिनं कप खाली ठेवला. “कधीच नाही.”

त्या रविवारी ती हेगला निघाली, आता रेकॉर्डिंग बंद म्हणून सांगायला. कमल चकल्यांचा डबा घेऊन सोबत निघाली, म्हणून मीही. समतानं जाताच सगळं सांगून टाकलं. चेनबाईंनी मशीनच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं आणि तेच पद धरलं. ओळ लांबली, वळली, खाली आली. थांबल्या. समता मांडीवरची बॅग घट्ट धरून बसलेली. पहिली जागा गेली. कमलनं कोपर मारलं. दुसऱ्या जागेला समताच्या तोंडून निघालं, “हाओ!”

आवाज कसला, बरीच वर्षं बंद असलेलं दार करकरावं तसा. पण चेनबाई अख्ख्या वळल्या तिच्याकडे, आणि पुढची ओळ अशी चढवली की नवऱ्याला गाठताना घाम फुटला.

गाणं संपल्यावर बाईंनी समताचं मनगट धरलं, काहीतरी म्हणाल्या, आणि सगळे म्हातारे खो खो हसले.

“काय म्हणतात गं?”

“म्हणतात, आम्ही घरी बोलायचो, या पोरीला गाणं मुळीच आवडत नाही, नोकरी आहे म्हणून बिचारी येऊन बसते.”

“अगं बाई!”

“आणि विचारतात, आता नोकरी गेली, तर पुढच्या रविवारी कशाला येशील?”

“मग काय सांगितलंस?”

चेनबाई पुन्हा उभ्या राहत होत्या, नवरा तारा जुळवत होता. समतानं कोट काढला, बॅग खुर्चीखाली सरकवली.

“काका, तोंडातली चकली संपवा,” ती म्हणाली. “मी ओरडले की तुम्हीही ओरडायचं.”