नाव घातलेला कॅन

पेशकारकाकांच्या घरात नाव नसलेले भांडे नव्हते. तांब्या, पातेली, चहाची गाळणीसुद्धा; सर्वांवर ‘सुमती’. काकू गेल्यावर घेतलेल्या भांड्यांवरही त्यांनी तेच नाव घातले.

न्यायाधीशापुढे कागद मांडण्यात त्यांची सारी नोकरी गेली. लोकांनी कोर्टात भरलेल्या अनामतींचे कागद त्यांच्याकडे असत. “अनामत मागावी लागली, तर ठेवून घेणारा नालायक,” असे ते म्हणत. कोर्टाबाहेरचे जग अशा नालायकांवरच चालते, हे त्यांना उशिरा कळले.

सुलतान बाजारातले घर सोडून ते कुकटपल्लीत माझ्या शेजारी राहायला आले. तिथे पिण्याचे पाणी वीस लिटरच्या कॅनमधून येई. दुकानदाराने कॅनची अनामत घेतली. काकांनी पावती देवघरात ठेवली आणि दाभण तापवून कॅनवर ‘सुमती’ कोरले. तोच कॅन भरून मिळावा, असा त्यांचा हट्ट असे.

पुढे मुलीकडे नांदेडला कायमचे जायचे ठरले. कॅन परत करायला मी सोबत गेलो. दुकानदाराने तो फिरवून पाहिला.

“नाम डाल दिए तुम इसपे. खराब हो गया साब. डिपॉझिट नै मिलता.”

“पानी गिरता क्या इसमें से?”

“गिरता नै. पन रूल है.”

“कहाँ लिखा है?”

त्याने पाटीकडे बोट दाखवले. पाटीवर पाण्याचे दर होते.

“दो कॅन पानी ले लो, बात खतम.”

गाव सोडून निघालेल्या माणसाला पाणी देऊ करणारा हा उदारपणा! काकांनी पावतीची घडी खिशात घातली. “चला. अनामत ठेवावी अशी याची लायकी नाही,” मला म्हणाले आणि कॅन तिथेच टाकून निघाले. वाटेत एकदाच बोलले, “नाव मात्र त्याच्याकडे राहिले.”

काका नांदेडला गेल्यावर दोन महिन्यांनी तोच ‘खराब’ कॅन भरून माझ्या दारी आला. मीही त्याच दुकानाचे पाणी घेत असे. दुसरे याहून बरे नव्हते. पुढच्या खेपेला पाणीवाल्याने रिकामा कॅन मागितला. मी दिला नाही.

“तुम्हारा डिपॉझिट जाएगा, साब.”

“मालिक को बोलो, रख ले. उसकी आदत है.”

कॅन घेऊन मी बसने नांदेडला गेलो. काकांनी नावावरून अंगठा फिरवला. मग ट्रंकेतून पावती काढली, तिच्या मागे ‘वस्तू मिळाली’ असे लिहून सही केली आणि ती माझ्या हाती दिली.