रेमचं दुसरं नाव

रेम आर्काद्येविच सत्त्याहत्तर वर्षांत कधी चर्चची पायरी चढला नव्हता. पण झिनाइदाला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते, आणि पाद्री प्रार्थनेत वाचतात त्या मृतांच्या चिठ्ठीत बायकोचं नाव लिहायला त्याच्याशिवाय होतंच कोण? मूलबाळ नाही. गल्लीतली निम्मी घरं बंद.

मेणबत्त्या विकणाऱ्या ग्लाफिराला चिठ्ठी देताना तो म्हणाला, "मी मेल्यावर माझंही नाव हिच्याशेजारी वाचा. लिहून ठेव, रेम."

"आजोबा, असलं नाव संतांच्या यादीत नाही. पाद्रीबाबा वाचायचे नाहीत."

"का? नावाला काय कीड लागलीय? क्रांती, विद्युतीकरण, यांत्रिकीकरण! तिन्ही रशियन शब्दांची पहिली अक्षरं आहेत त्यात. माझ्या बापानं या गावात पहिला दिवा लावला, त्याच आठवड्यात मी जन्मलो. तुझ्या डोक्यावरचा दिवाही त्याच तारेवर जळतोय!"

"ओरडू नका हो, लोक प्रार्थना करतायत. बाप्तिस्मा झालाय?"

"बाप कम्युनिस्ट पक्षाचा माणूस. कसला बाप्तिस्मा!"

ग्लाफिरा गोंधळली. "मग झिनाइदा आजी दर रविवारी जिवंतांच्या चिठ्ठीत त्रोफीम म्हणून कुणाला लिहायच्या? मला वाटायचं, मुलगा असेल दूर कुठंतरी."

रेम बाकावर बसला. आई दिवसभर कारखान्यात असायची. भुकेची ती वर्षं. आजी राईचा वाळका पाव स्वतःच्या तोंडात मऊ करून त्याला भरवायची. बापाच्या नकळत त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून आणणारी तीच असणार; त्रोफीम म्हणजे तो स्वतःच. आणि मरताना तिनं ते सांगितलं नव्या नातसुनेला, झिनाइदाला; नातवाला नाही.

"त्रोफीमचा अर्थ काय?"

"मूळ ग्रीक आहे म्हणतात. भरवून वाढवलेलं लेकरू."

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. बावन्न वर्षं एका टेबलावर जेवलो, आणि एक शब्द नाही? पण सांगितलं असतं तर आपण भांडी फेकली असती, हेही त्याला ठाऊक होतं.

"या रविवारी त्रोफीमला कोण लिहिणार?" ग्लाफिरानं हळूच विचारलं.

"मीच. आहेच कोण दुसरं?" त्यानं पेन्सिल ओढून घेतली. जिवंतांच्या चिठ्ठीत त्रोफीम लिहिलं आणि खाली ठसठशीत रेम.

"खालचं वाचणार नाहीत, आजोबा."

"नका वाचू. पण खोडायचं नाही!"

"बरं. आणि तुमच्यानंतर वरचं नाव, त्रोफीम, मी मृतांच्या चिठ्ठीत लिहीन, आजींच्या शेजारी."

"तू आधी गेलीस तर?"

"तर तुम्ही मला लिहा."

घरी आल्यावर त्यानं टोपी खुंटीला लावली आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "त्रोफीम!" झिनाइदाच्या तोंडी ते कसं वाटलं असतं, हे मात्र त्याला काही केल्या ऐकू येईना.