मिनाजनं काढलेलं उरुसाचं पान

मिनाज मुजावर लोहाऱ्याला कॉम्प्युटर क्लासवर शिकवते. दर्ग्याच्या भिंतीला लागून घर, वडील खाजामियाँ दर्ग्याचे मुजावर. लिहिताना तिला नटवेपणा खपत नाही. साधी अक्षरं, मथळ्यापुढं एक चांदणी (*), बस्स. मग हुकूम दिला की प्रोग्राम त्या मजकुराचं वेबपान काढून देतो.

यंदा तिनं उरुसाचं पान केलं. नगारा कुणाचा, संदलचं चंदन कुणी उगाळायचं, मजारीवर पांघरायचा गलेफ कुणी आणायचा, असा घरोघरचा मान लिहिला, प्रत्येक घराचा एक मथळा. वेशीपासून दर्ग्याकडं येताना घरं लागतात त्या क्रमानं. पान गावच्या ग्रुपवर टाकून ती जीपमध्ये बसली.

लोहारा येईपर्यंत गाव तापलं होतं. पान काढताना प्रोग्राम मथळ्यांना आपणहून आकडे देतो, हे तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आमच्या गावात मजकूर नंतर वाचतात, आधी आकडा बघतात. नगाऱ्याचे बंडप्पा एक नंबरला आणि पिढ्यान्‌पिढ्या गलेफ आणणारे शिवशरण शेवटी, चार नंबरला.

संध्याकाळी शिवशरणतात्या मुजावरांच्या ओट्यावर येऊन बसले.

"खाजामियाँ, आमी चौथे कवापास्नं झालो?"

"तात्या, आकडे म्या न्हाय टाकले. मशीननं टाकले," मिनाज म्हणाली.

"मग गलेफ बी मशीनलाच आणाया सांगा."

चहाला न थांबता ते निघून गेले. उरूस परवावर आलेला. त्यांच्या घरचा गलेफ आल्याशिवाय संदलची मिरवणूक पुढं सरकत नाही. खाजामियाँ जेवले नाहीत, आणि ते बघून मिनाजला रडू फुटलं.

मग डोळे पुसून तिनं फाइलच्या डोक्यावर 'आकडे नकोत' असं सांगणारी ओळ घातली आणि पान पुन्हा काढलं. आकडे गेले, पण वर प्रोग्रामनं केलेली अनुक्रमणिका राहिली आणि तिच्यात बंडप्पा पहिलेच. तीही बंद केली. शेवटी मजकुराच्या आधी स्वतः एक वाक्य लिहिलं: घरं वेशीपासूनच्या वाटेनं घेतली आहेत. आणि पान पुन्हा ग्रुपवर टाकलं.

सकाळी तात्यांनी त्याच ओट्यावर बसून नवं पान दोनदा वाचलं.

"वाटेनं व्हय? म्हंजे दर्ग्याला सगळ्यात जवळ आमचंच घर," ते म्हणाले, आणि खूश होऊन चहा प्याले. गलेफ वेळेवर आला. उरूस चांगला झाला.

दुसऱ्या दिवशी खाजामियाँनी लेकीच्या मोबाइलवर ते पान सावकाश वाचलं.

"समद्यांचं हाय, बेटा. आपलं कुठाय?"

दर्ग्याची रोजची झाडलोट आणि दिवाबत्ती अब्बा करतात हे मिनाज जन्मापासून बघत आलेली, तो मान आहे असं तिला सुचलंच नव्हतं. आकड्यांवरून भांडणाऱ्या आख्ख्या गावात एकालाही मुजावरांचं घर राहून गेल्याचं दिसलं नव्हतं.

तिनं नव्या मथळ्यासाठी चांदणी टाकली. "अब्बा, कुठं घालू?"

"समद्यांच्या खाली," खराटा उचलत ते म्हणाले. "उरूस उठल्यावरच झाडायचं असतंय."