डालड्याच्या डब्यातला बूस्टर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो — पण आधी एवढं ऐका, सोनपेठमध्ये माझ्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता. आजही नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं ते साल, चौऱ्याण्णव. टीव्हीवर मुंग्या आल्या की लोक माझ्या रेडिओच्या दुकानात यायचे. ॲन्टेनाचे बूस्टर मी स्वतः बनवायचो. निम्म्या गावाच्या माळवदांवर माझाच माल!

शेजारी ज्ञानोबाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. माझ्याच वयाचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, त्या घरात टेस्टर हातात धरणारा पहिलाच माणूस. समोरच्या डॉक्टरांच्या गाडीला त्यानं रिमोटचं कुलूप बसवलं — गावातलं पहिलं. आणि दवाखान्यासमोर ते चालेचना. बटण दाबलं तर दार ढिम्म. साध्या किल्लीनं उघडलं तर भर बाजारात भोंगा बोंबलायचा. ज्ञानोबानं तीनदा सगळं खोललं, तीनदा जोडलं. लोक हसायला लागले.

मला कारण कधी कळलं? खरं सांगू? — चौथ्याच दिवशी. लाईट गेली आणि गाडी पहिल्या दाबात उघडली. लाईट आली — पुन्हा ढिम्म. माझ्या दुकानावरचा बूस्टर! तोच हवेत गोंगाट सोडत होता, त्यात रिमोटचं गाडीला ऐकूच जात नव्हतं. माझ्या हातचा माल, आणि त्यात खोट? हे मी कोणाला सांगायचं — ज्ञानोबाला?

बाजाराच्या दिवशी दुपारी गुपचूप वर चढलो. बूस्टर डालड्याच्या डब्यात बंद केला, डब्याला अर्थिंग दिलं. मग लगेच खाली उतरून सगळ्यांदेखत डॉक्टरांकडून रिमोट मागून घेतला. उगाच खोलला, फुंकर मारली, बंद केला, बटण दाबलं. दार खटकन उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छाती अशी फुगली म्हणता — आठवलं की आजही फुगते. लाज वाटायला हवी ना? आधी फुगते, मग वाटते.

ज्ञानोबा गर्दीतच होता. पुढं आला.

"मानलं उस्ताद. आमी आपली मेंढरंच राखावी. बाप म्हनत व्हता, ते काई खोटं न्हाई."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. हो — थाप मारली, आणि गप्प राहिलो.

महिन्याभरात त्यानं दुकान सोडलं. मधली भिंत पाडून मी माझं वाढवलं. जाताना त्यानं आपला टेस्टर माझ्या हातात ठेवला, "तुलाच शोभतो" म्हणाला. तो अजून माझ्या खिशात असतो.

कुलूप त्यानं पहिल्याच दिवशी बरोबर बसवलं होतं.