किसनच्या काहिलीचा पोचा

माझा दोस्त किसन गेल्याचा फोन त्याच्या बायकोचा, वहिनींचा आला. म्हणाल्या, "भाऊजी, या. हंगाम संपवूनच गेला माणूस."

महिना होत आला. किसनचं खरंखुरं सांगितलं तर कुणाला पटत नाही, म्हणून मी थोडं वाढवून सांगतो... तेवढं पचतं.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराचा दुष्काळ असा, की कावळे कंधारहून देगलूरला पाणी प्यायला जायचे अन् परत येईस्तोवर पुन्हा तहानलेले असायचे. अहमदपूरकडच्या किसनच्या रानातला ऊस वाळला. गुऱ्हाळ थंड. रस आटवायची लोखंडी काहील, अर्धं वऱ्हाड बसेल एवढी, अंगणात उपडी पडलेली. नव्या कचेरीत भरती चालू होती. मी चिकटलो होतो. किसनसाठीही त्याच्या वडिलांनी शिपायाची जागा बघून ठेवली होती. त्यानं हो म्हणायचं, की काहील भंगारात. किसन म्हणाला, आधी हिला एकदा वाहत्या पाण्यात घालतो, मग सांगतो.

आमच्याकडं पुरात लोक काहिलीत बसून नदी ओलांडतात. त्यामुळं ती नावच आहे, याबद्दल आम्हा दोघांना तिळमात्र शंका नव्हती. कुंभार्ली घाटाखाली वीजघराचं पाणी भर उन्हाळ्यातही फेसाळत वाहतं, असं त्याच्या मामानं सांगितलेलं. मग काय, मामाच्याच ट्रकवर काहील चढवली, वल्ही म्हणून रस ढवळायची लाकडी फावडी घेतली. सोलापूर, कराड... वाटेत जो तो विचारायचा, लग्न कुणाचं?

आमचा पूर संथ, रुंद. हे पाणी दगडांवरून उड्या मारत चाललेलं. गोल बुडाची काहील त्यात पडली अन् भवऱ्यासारखी फिरायला लागली. काठावरचं एक घर मला इतक्यांदा दिसलं, की त्या घरच्यांशी सोयरीक जुळायची बाकी राहिली. मग खडक आला. दाणकन आवाज, अन् आम्ही पाण्यात. मी काठाला लागलो. किसन काहिलीच्या कड्याला धरून खाली खाली चाललेला, कपाळातून रक्त. मी ओरडलो, "सोड लेका तिला!"

"सोडली तर घरी काय घेऊन जाऊ?"

खालच्या वळणावर दोघंही गाळात रुतली, तो अन् ती. तिच्या बुडाला ताटाएवढा पोचा.

एवढं आलोच तर समुद्रही बघू म्हणून मग वेळणेश्वर, हेदवी, गुहागर. मामा प्रत्येक किनाऱ्यावर ट्रक थांबवायचा अन् किसन प्रत्येक ठिकाणी ओंजळभर पाणी चाखून थुंकायचा. गुहागरला वाळूत बसला. मग म्हणाला, "एवढं पाणी हाय, पर गूळ न्हाई व्हायचा ह्याचा. शिपाई तू हो गड्या. म्या जातो घरी."

मी शिपाई नव्हतो, कारकून होतो. त्याला तो फरक शेवटपर्यंत मान्य नव्हता.

दोन पावसाळ्यांनी गुऱ्हाळ पेटलं. त्या पोच्यात दर खेपेला गूळ धरायचा, करपायचा. लोहाराकडून ठोकून घे म्हटलं की ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. हंगाम संपला की ती काळी खरवड कागदात बांधून लातूरला माझ्याकडं धाडायचा. निरोप एकच, गुहागरचा प्रसाद.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनींनी कागदाची पुडी हातात ठेवली. त्यानंच बांधलेली. टेबलावर आहे... कडवट गोड. मुंग्या लागल्यात. झटकत नाही. अहमदपूरहून चालत आल्यात बिचाऱ्या.