मुकी खुर्ची

मी शाळेत क्लार्क आहे. दाखल्यावरची चुकलेली जन्मतारीख मला दुरून दिसते आणि पालकांनी कितीही गोड बोलून मला गुंडाळायचा प्रयत्न केला तरी मी गुंडाळली जात नाही. पण त्या एका आठवड्यात एका खेळण्याने माझं डोकं असं काही फिरवलं, की आज इतक्या वर्षांनी विचारलंत तरी मी छातीठोकपणे काही सांगू शकणार नाही. माझ्यासारख्या बाईला हे कबूल करणं जड जातं, पण आता लिहायला बसलेच आहे तर खरं ते लिहिते.

आमचं घर मुळगावात. बाबा मूळचे दोडामार्गाकडचे, खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून आले आणि इथलेच झाले. तीस वर्षं त्यांनी माल भरलेला ट्रक उतारावरून खाली आणला. मग खाणी बंद पडल्या, मालकाने ट्रक विकून टाकला आणि बाबा घरी बसले. दोन वर्षं. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे काय ते ज्याच्या घरात असतो त्यालाच ठाऊक. पणजीच्या बसमध्ये बसले की मागच्या सीटवरून पुढच्याला गियर सांगायचे. "सेकंडात टाक रे, सेकंडात!" मला तोंड लपवायला जागा उरायची नाही.

तेवढ्यात आमच्या शाळेला बस मिळाली. बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, कोणीतरी वयस्क, शांत, भरवशाचा ड्रायव्हर हवा. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "माझे बाबा आहेत ना." ठरलं. पुढच्या सोमवारपासून बाबा बस चालवणार. डॉक्टरांकडून दाखलाही आणला. त्यांनी डोळे तपासले, बीपी पाहिलं, साखर दहा वर्षांची आहे म्हणून गोळ्या चुकवू नका असं बजावलं आणि सही केली. घरी आल्यावर बाबांनी ट्रंकेतले खाकी शर्ट काढून स्वतः इस्त्री केले. दोन वर्षांत मी त्यांना रोज दाढी करताना पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात रोज करत होते.

आणि त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने ते चाक घरी आणलं.

तो पणजीला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. कोणी गिऱ्हाईक परदेशी निघालं होतं, त्याने गाड्यांच्या शर्यतीचा गेम, खेळायचा डबा आणि हे चाक असं सगळं त्याला देऊन टाकलं. खरं स्टेअरिंग असतं तसंच, जरा लहान, आणि खाली पायाला दोन पेडल. एक एक्सिलेटर, एक ब्रेक. ते कशाला तरी आवळून बसवावं लागतं. भावाला सगळ्या घरात आईचं शिलाई मशीनच सापडलं. मशीनच्या फळीला चाक आवळलं, खाली पेडल ठेवली, ती लादीवरून सरकायला लागली म्हणून मागे जांभ्या दगडाचा एक चिरा लावला. "माज्या मशिनीची काय दशा केलंस रे!" म्हणून आई ओरडली, पण बाबा बसायला गेले तशी गप्प झाली. तीही त्यांना दोन वर्षं बघत होती.

बाबा खुर्चीत बसले, अनवाणी पाय पुढे घेतले, चाकावर हात ठेवले. आम्ही सगळे मागे उभे. पहिल्याच वळणावर टीव्हीतली गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. दुसऱ्यांदा गवतात. तिसऱ्यांदा पुन्हा भिंत. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"ह्याच्यात काय राम नाय," बाबा म्हणाले. "गाडी बुडाखाली बोलता. माल मागसून ढकलता, ता बुडाक कळता. ही खुर्ची मुकी आसा."

भावाने त्यांचीच बाजू घेतली. म्हणाला, बरोबर आहे, गेमच्या आत सगळं हिशोबाने होतं, टायर किती धरणार, ब्रेक लावल्यावर वजन पुढे किती येणार, सगळं. पण ते अंगाला कळत नाही. चाकाच्या आत एक मोटार आहे, ती हाताला उलटा जोर देते, बस, तेवढंच. खरे ड्रायव्हर पहिल्यांदा ह्याच्यावर आपटतातच. मला पटलं. न पटायला काय झालं?

शेजारी बेळगावकडचे एक काका राहायचे, तेही खनिजाच्या ट्रकावरचेच, बाबांचे जुने सोबती. त्यांना बोलावलं. तेही भिंतीवर. "हे सगळं लबाड हाय बगा," म्हणून त्यांनी हात झटकले. बाबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी काकांना चहा न घेता जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून आले. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ते आरामात वळणं घेत होते आणि वर आम्हाला समजावत होते की अंग विसरायचं, डोळ्यांनी बघायचं आणि पायाने ब्रेक थोडा आधी दाबायचा, की झालं. बाबा मात्र जिथे पहिल्या दिवशी आपटत होते तिथेच आपटत होते. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, हट्टी आहेत, शिकायचंच नाही म्हणून बसलेत.

मग भावाने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. दोन्ही हातांत धरायचा तो. पुढे चालवायला आणि थांबवायला मागच्या बाजूने बोटांखाली दोन खटके, वळायला अंगठ्याखाली दांडी. बाबांनी तो जिवंत कुर्ली धरावी तसा अंगापासून लांब धरला. अर्ध्या तासात काय झालं म्हणता? एकदाही भिंत नाही. एकदाही गवत नाही. वळणाआधी नेमका ब्रेक, वळणात गाडी मोकळी, बाहेर पडताना जोर. भाऊ म्हणाला, "बाबा माझ्यापेक्षा चांगली गाडी मारतात." बेळगावचे काका टाळ्या वाजवत होते. आईने उंडे पाव आणि भाजी तिथेच आणून दिली, तरी बाबा उठेनात.

मी खूश व्हायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि मला काही कळेना. चाक खऱ्या गाडीसारखं, त्यावर तीस वर्षांचा ड्रायव्हर आपटतो. कंट्रोलर गाडीसारखा मुळीच नाही, त्यावर तोच माणूस शर्यत मारतो. हे उलटं कसं? भावाला विचारलं तर तो म्हणाला, कंट्रोलरला गेम आतून मदत करतो, बोट जास्त दाबलं गेलं तरी सांभाळून घेतो, चाकाला तशी मदत नाही. हेही पटलं. म्हणजे बाबा चांगले नव्हेत, गेम चांगला. पण मग काकांना चाक कसं जमलं? त्यांना कोणी मदत केली?

मनात एकेक गोष्ट यायला लागली. आठवड्यापूर्वी बाबा मासळी घेऊन आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी गेटाशी पडलेली. आम्ही पोट धरून हसलो होतो, तेही हसले होते. पण स्कूटर तर ते आमच्यापेक्षा सफाईने चालवत! मग मनात आलं, स्कूटरचे ब्रेक हातात असतात. आणि लगेच स्वतःला म्हटलं, गप्प बस गो, खेळण्यावरून बापाची पारख करतेस, लाज वाटत नाही? पुन्हा वाटलं, सोमवारी ह्या माणसाच्या मागे पन्नास पोरं बसणार आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचं नाव मी माझ्या हाताने रजिस्टरात लिहिलंय. असं दिवसभर इकडून तिकडे. एक धरावं तर दुसरं सुटे.

शनिवारी तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावला आणि आगपेटी हातातच घेऊन बाहेर आले. बाबा पुन्हा चाकावर बसले होते. कंट्रोलरवर जिंकूनही त्यांना चाकच जमवायचं होतं, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. मी बाजूने पाहिलं. ते मान खाली घालून आपल्या पायाकडे बघत होते. तीस वर्षांचा ड्रायव्हर, आणि ब्रेक कुठे आहे ते डोळ्यांनी शोधतो?

"बाबा, चिरो सरकलोहा. पाय उचला जरा," मी म्हटलं. चिरा सरकला नव्हता. मी खाली वाकले आणि हातातली आगपेटी ब्रेकच्या पेडलावर ठेवली. कशाला ठेवली असं विचाराल तर सांगता यायचं नाही. त्यांना ती लागावी, त्यांनी "ह्या काय गो हयसर?" म्हणून मला ओरडावं, एवढंच मला हवं होतं. मी देवाला तेच सांगत होते. ओरडू दे.

बाबांनी अख्खी फेरी मारली. दोनदा भिंतीवर गेले. टीव्हीतून इंजिनाचा आवाज येत होता, त्यात आगपेटी चिरडल्याचं मलाही ऐकू आलं नाही. ते उठले, "मुकी आसा खुर्ची," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. पेडलाखाली काड्या पसरल्या होत्या. पेटी चपटी झाली होती. एक काडी मोडून त्यांच्या तळव्याला टोचली असणार, लादीवर रक्ताचा लहानसा ठिपका होता. तो मी ओच्याने पुसला आणि मग मला रडू आलं.

रविवारचा दिवस मी तसाच काढला. मनाला पुन्हा पुन्हा समजावलं की अनवाणी पाय, ड्रायव्हरचा राठ तळवा, कागदाची पेटी, कशी लागणार? शाळेच्या बसचा ब्रेक केवढा मोठा, चप्पल असते, तो कसा चुकेल? बेळगावच्या काकांच्या पायाखाली ठेवून बघावी असंही मनात आलं. ठेवली नाही. त्यांनाही लागली नसती तर मी सुटले असते, आणि लागली असती तर? संध्याकाळी बाबा उद्याचा शर्ट खुंटीला लावत होते, तेव्हा मी चपटी आगपेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि काय केलं ते सांगितलं.

बाबा भडकले. "माझी परीक्षा घेतंस? तू?" एवढं मोठ्याने की आई धावत आली. मी मान खाली घालून उभी. मग त्यांनी आगपेटी उचलली, उलटीसुलटी करून बघितली. खाटेवर बसले. 

"खयच्या पायाखाली ठेयलेलंस?"

"उजव्या. ब्रेकावर."

"उजव्या," ते म्हणाले. आणि मग अगदी साधेपणाने, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "डावो कधीचोच गेलोहा गो. खाणीचे शेवटचे दोन सीझन क्लच मी इंजिनाच्या आवाजावर सोडी होतंय. उजव्यावर भरवसो होतो माका. ब्रेकाक आवाज नसता."

आईने तिथेच भिंतीला टेकून बसकण मारली. तिलाही माहीत नव्हतं.

सोमवारी बाबा माझ्याबरोबरच शाळेत आले. इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंच्या खोलीत जाऊन त्यांनी सांगितलं, माझ्या मुलीला आवडत नाही, ती नोकरी करते त्या शाळेत बापाने गाडी चालवलेली. आणि घरी निघून गेले. बाईंनी मला बोलावलं आणि असं सुनावलं की विचारू नका. बापाच्या कामाची लाज वाटते? शिकलीस कोणाच्या जिवावर? मी म्हटलं, हो, चुकलं माझं. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत आठ दिवस सगळ्या स्टाफरूमने माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं ठेवलं. एरवी मी एकेकाचा समाचार घेतला असता.

बाबा पुढे डॉक्टरांकडे जायला लागले, साखरेने बधिर झालेल्या पायांची काळजी घ्यायला शिकले, आणि संध्याकाळी कंट्रोलर घेऊन बसायचे. चाक भाऊ पणजीला परत घेऊन गेला.

पण मी सांगत होते त्या सोमवारचं. बाईंकडून बोलणी खाऊन मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. माझं टेबल जनेलापाशी आहे, तिथून समोरचा उताराचा रस्ता दिसतो. खाणी चालू असताना बाबांचा ट्रक त्या उतारावरून दिवसातून चारपाच वेळा यायचा, वरपर्यंत माल भरलेला. एक खेप नेमकी आमची शाळा सुटण्याच्या वेळची. पोरं गेटातून धावत सुटायची, अर्धी रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मी जनेलातून हात करायचे. बाबा हॉर्न वाजवायचे. शेवटचे दोन सीझनसुद्धा रोज.